वालचंद हिराचंद : उसाच्या रानातून अंतराळापर्यंत

दौंडहून सोलापूरकडे निघालं की भिगवण लागतं. तिथून खाली दक्षिणेला वालचंदनगर. शिरूर-दौंडसारखाच हाही उसाचाच मुलूख. पण २०२३ साली चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भाग इथल्या कारखान्यात बनले होते. गावाला ज्यांचं नाव आहे, त्यांनी मात्र साधा उपग्रहसुद्धा पाहिला नाही.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार आणि सावकारी. त्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. जहाज वाहतुकीत तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं, त्यामुळे हे धाडसच होतं. पुढे १९३४ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ त्यांनी साखर कारखाना उभा केला. तेच वालचंदनगर.

खरी चटका लावणारी गोष्ट विमानांची. १९३९ मध्ये प्रवासात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि विमानाचा कारखाना डोक्यात शिरला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४१ मध्ये पहिलं विमान उडालंही. पण युद्ध पेटलेलं होतं. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. एवढा खटाटोप केला आणि वर्ष-दीड वर्षात कारखाना हातातून गेला! १९५३ मध्ये ते वारले. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती.

ती बेंगळुरूची कंपनी म्हणजे आजची एचएएल. माणसांना अंतराळात नेणाऱ्या कुपीचा पहिला सांगाडा तिनेच २०१४ मध्ये इस्रोला दिला. वालचंदनगरचा कारखाना तर सत्तरच्या दशकापासून इस्रोसाठी काम करतोय.

आता हे महत्त्वाचं का? २००० पासून सतत माणसं राहत असलेलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक थकलंय. २०३० नंतर ते प्रशांत महासागरात पाडायचं ठरलंय. भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं स्थानक हवंय. त्याआधी गगनयान. त्यातले अंतराळवीर एलव्हीएम-३ रॉकेटने जातील आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हेच एस-२०० बूस्टर असतील. प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. आतला सगळा दाब सोसायचा तो बाहेरच्या पोलादी कवचाने, आणि वर माणसं बसलेली असतात.