दूध तुटलेले मूल : डॉ. सिसिली विल्यम्स

आपल्या घरांतून एक गोष्ट पुष्कळदा पाहावयास मिळते. दीड-दोन वर्षांचे, अंगाने भरलेले, हसरे मूल. आणि त्याच्या आईला पुन्हा दिवस जातात. मग मूल किरकिरे होते, जेवणावरून उठते, हातपाय काटकुळे होतात. आजी म्हणते, पाठचे येणार, म्हणून हे वाळले. सून शिकलेली असली तर मनातल्या मनात हसते आणि गप्प बसते. पण आजीचे पाहणे खोटे नसते. कारण सांगताना ती चुकत असेल, वेळ मात्र तिने अचूक हेरलेली असते. हे पाहणे वैद्यकशास्त्राला मान्य करावयास लावणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची ही हकीकत आहे.

सिसिली विल्यम्स ह्यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर झाला. घराणे इंग्रज, पण कित्येक पिढ्या तिथेच राहिलेले. वडील बेटाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. शाळेसाठी सिसिलीबाईंना तेराव्या वर्षी इंग्लंडला पाठविण्यात आले. पुढे ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात जागाही मिळाली, परंतु घरच्या अडचणींमुळे त्या जमैकाला परतल्या. वडील वारल्यानंतर, तेवीस वर्षांच्या असताना, त्या पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या. पहिले महायुद्ध चालू होते, तरुण मुलगे रणांगणावर होते, म्हणून वैद्यकीच्या वर्गाची दारे मुलींसाठी थोडी किलकिली झाली होती. १९२३ साली बाई डॉक्टर झाल्या. डॉक्टर झालेल्या स्त्रीला चांगली नोकरी मिळणे त्या काळी सोपे नव्हते. काही वर्षे लंडनच्या इस्पितळांत काम करून, उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यास करून, १९२९ साली त्या सरकारी नोकरीवर आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट प्रांतात गेल्या. हाच आजचा घाना देश. हुद्दा होता ‘स्त्री वैद्यकीय अधिकारी’. त्यातला ‘स्त्री’ हा शब्द मुख्यतः पगार कमी देण्यासाठी होता, आणि ते बाईंना कधीच पटले नाही.

आक्रा शहरात मुलांचे एक इस्पितळ होते. तेथे बाईंनी मुलांना तपासून औषधाची पुडी हातावर ठेवण्याएवढ्यावर काम थांबविले नाही. प्रत्येक मुलाचे कार्ड केले, वजनाची नोंद ठेवली, नर्सना शिकवून तयार केले आणि आयांशी बोलण्याचा परिपाठ ठेवला. आज आपल्या आरोग्यकेंद्रांत आणि अंगणवाडीत मुलाचे वजन टिपून ठेवतात, त्याचे नवल वाटत नाही. त्या काळी ते नवे होते.

इथेच एक विचित्र आजार त्यांच्या पुन्हा पुन्हा नजरेस येऊ लागला. रोगी बहुतेक एक ते चार वर्षांची मुले. पाय आणि हात सुजलेले, पोट पुढे आलेले, काळे केस तांबूस व विरळ झालेले, कातडीवर काळे डाग पडून तिचे पापुद्रे निघत. मूल खेळत नसे, हसत नसे, नुसते कण्हत बसे. सुजेमुळे ते गुबगुबीत दिसे, म्हणून ते उपाशी आहे हे चटकन ध्यानातही येत नसे. पुष्कळ मुले दगावत. जी मरत त्यांची शवचिकित्सा बाई स्वतः करीत, आणि त्या चिमुकल्या देहांत यकृत चरबीने भरलेले आढळे.

पुस्तकात हा आजार नव्हता. इतर डॉक्टर त्याला पेलाग्रा म्हणत. मका खाणाऱ्या लोकांत दिसणारा तो एक जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. बाईंना ते पटेना. पेलाग्रात कातडी बिघडते ती मुख्यतः उन्हात उघडी पडणारी. इथे झाकलेल्या अंगावरही डाग होते. शिवाय हा आजार एका ठरावीक वयातच का यावा? तेव्हा पुस्तक मिटून त्यांनी सरळ बायकांना विचारले, तुम्ही ह्याला काय म्हणता? गा भाषेतील तो शब्द त्यांना सांगण्यात आला : क्वाशिओरकोर. अर्थ असा, की धाकटे जन्मले म्हणजे थोरल्याला जडणारा आजार.

शब्दाचा अर्थ कळताच पुष्कळसा उलगडा झाला. दुसरे बाळ आले की पहिल्याचे दूध तुटते. आतापर्यंत आईच्या अंगावर वाढलेले मूल एकदम मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या पेजेवर येऊन पडते. पोट भरते, पण अंगाला लागत नाही. आईच्या दुधातून जे मिळत होते, ते मक्याच्या पाण्यात नाही. १९३३ साली बाईंनी ह्या आजारावर पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि १९३५ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात क्वाशिओरकोर हे नाव घालून दुसरा. कारण म्हणून त्यांनी प्रथिनांच्या उणिवेकडे बोट दाखविले, तेही जपून, ती शक्यता नाकारता येत नाही इतक्याच शब्दांत. उपचार होता दुधाचा. डब्यातले दूध पाण्यात कालवून, त्याबरोबर माल्ट आणि कॉडलिव्हर तेल. वेळेवर आणलेली मुले बरी होत, आणि मूल पुन्हा हसू लागले की बाई निर्धास्त होत.

लंडनमधील एका नामांकित तज्ज्ञाने मात्र हा पेलाग्राच आहे असा हेका धरला आणि पुष्कळांनी त्याचेच ऐकले. आफ्रिकेतील एक ‘स्त्री वैद्यकीय अधिकारी’, तीही अडाणी बायकांच्या तोंडचा शब्द घेऊन आलेली! दीड तप गेले. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना ह्यांच्या वतीने दोन तज्ज्ञांनी आफ्रिकेचा दौरा केला. त्यांचा अहवाल १९५२ साली निघाला, तेव्हा कोठे हा आजार किती दूरवर पसरलेला आहे हे जगाने मानले. मधल्या काळात पेलाग्रा म्हणून उपचार होऊन किती मुले गेली असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वरिष्ठांशी खटके उडाल्यामुळे १९३६ साली बाईंची बदली मलायात झाली. येथे त्यांच्यापुढे अगदी उलट दुखणे उभे राहिले. सिंगापूरच्या चाळींतून नर्ससारखे पांढरे कपडे घातलेल्या बायका फिरत. त्यांना पगार देत दूध-कंपन्या. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला त्या पटवून देत, की तुझ्या दुधापेक्षा डब्यातले गोड दूध बरे. गरीब आई तो डबा घेई, पुरवून पुरवून वापरी, म्हणजे पाणी अधिक घाली. बाटली उकळण्यास जळण कोठून आणणार? इकडे बाळ अंगावर पीत नाही म्हणून आईचे दूध आटून जाई, आणि मग परत फिरण्याची वाटच उरत नसे. बाळे हगवणीने जात, किंवा अ आणि ड जीवनसत्त्वांच्या अभावी अशक्त होत.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात बाईंनी भाषण केले. त्याचा मथळाच ‘दूध आणि खून’ असा होता. समोर शहरातील मोठे व्यापारी बसलेले, आणि अध्यक्षस्थानी एका दूध-कंपनीचेच गृहस्थ होते असे सांगतात. अशा फसव्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना खुनाची शिक्षा असावी, इतक्या कडक शब्दांत त्या बोलल्या.

येथे वाचक विचारतील, की आक्र्यात डब्याचे दूध पाजून मुले वाचविणाऱ्या बाई सिंगापुरात त्याच डब्यावर का उठल्या? मला ह्यात विसंगती दिसत नाही. आक्र्यातील मुलाचे अंगावरचे दूध तुटले होते आणि त्याच्या जागी काहीच आले नव्हते. त्याला डबा म्हणजे औषध होते. सिंगापुरातील तान्ह्याला आईचे दूध होते, ते डब्याने तोडले. एकच वस्तू, मुलाचे वय पाहावे लागते, घरची चूल पाहावी लागते. मुलांच्या आहाराचे तक्ते भिंतीवर लावणारी माणसे नेमके हेच विसरतात.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या. बाई तेव्हा पूर्व किनाऱ्यावरील त्रेंगानू संस्थानात होत्या. जंगलातून पायपीट करीत त्या सिंगापूरला पोहोचल्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते शहरही पडले. इतर युरोपियन बायका-मुलांबरोबर त्यांची रवानगी चांगीच्या तुरुंगात झाली. कैदेत साडेतीन वर्षे गेली. बायकांच्या छावणीचे पुढारीपणही काही काळ त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ नंतर जपानी लष्करी पोलिसांनी संशयावरून अनेकांना पकडले, त्यांत बाईही होत्या. सुमारे चार महिने त्यांना चौकशीसाठी कोंडून ठेवले. त्या परत आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. बेरीबेरी झाली होती. तिच्यामुळे पायांची संवेदना गेली ती पुढे जन्मभर पुरती परत आली नाही.

ह्या छावणीतली एक गोष्ट बाई पुढे नेहमी सांगत. तिथे वीस बाळे जन्मली. डबा नव्हता, बाटली नव्हती, दुकान नव्हते. आया स्वतः अर्धपोटी होत्या. विसांच्या विसांना आईने अंगावर पाजले, आणि वीसही वाचली. उपाशी बाईला दूध कोठून येणार, असे आपल्याकडे अजून बोलतात आणि पहिल्याच आठवड्यात बाटली आणतात. आईला अन्न हवेच, आणि भरपूर हवे. पण थोड्या उपासाने दूध आटत नाही; बाळाने ओढणे थांबविले म्हणजे आटते.

युद्धानंतर १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. जिनीव्हाच्या कचेरीत त्यांचे मन फारसे रमले नसावे. लवकरच त्या दक्षिण-पूर्व आशियाच्या कामासाठी आपल्या दिल्लीत आल्या. पुढे जमैका, मग बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन, असा प्रवास चालू राहिला. सांगणे सर्वत्र एकच : आजार बरा करणारे इस्पितळ आणि आजार टाळणारे केंद्र वेगवेगळे ठेवू नका, आणि आईला विचारल्याशिवाय मुलाविषयी काही ठरवू नका.

त्यांच्या निदानातील एका भागाची पुढे बरीच तपासणी झाली. प्रथिनांची उणीव हेच एकमेव कारण समजून काही वर्षे जगभर दूधभुकटी आणि प्रथिनांच्या पिठांचा गाजावाजा झाला. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन ह्यांनी दाखवून दिले, की सुजणारी मुले आणि सुकटीने वाळणारी मुले जवळजवळ एकच अन्न खात असतात. दोघांनाही एकूण अन्नच कमी पडते. एक का सुजते आणि दुसरे का वाळते, ह्याचा पुरता उलगडा अद्यापि झालेला नाही. पण दूध तुटण्याच्या त्या दिवसांत मूल घसरते, हे बाईंचे पाहणे कोणी खोडले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे बसणारी मुले त्या वयातून पार झालेली असतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरते, पाणीही नको. ह्या काळात बाळ जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट होते. सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही, चालू ठेवावे. आपली चूक इथे होते, की वरचे म्हणून आपण वरणाचे पाणी देतो, वरण देत नाही. वर्षाच्या मुलाला आईच्या अन्नाच्या जवळजवळ निम्मे अन्न लागते, पण पोट मुठीएवढे. म्हणून घट्ट मऊभात, त्यात डाळ आणि तेलातुपाचा चमचा, कुस्करलेले अंडे, काटे काढलेली मासळी, आणि दिवसातून पाच वेळा. शाळेच्या वयात वाढ संथ चालते, तेव्हा निभावते. तेराव्या-चौदाव्या वर्षी पुन्हा पूर आल्यासारखी वाढ होते. सोळा वर्षांच्या मुलाला कचेरीत बसणाऱ्या बापापेक्षा अधिक जेवण लागते. आणि मुलगी? तिला न्हाण येते, रक्त जाते, लोह हवे असते, आणि नेमके त्याच वयात ती सर्वांना वाढून मागून जेवू लागते. चार-सहा वर्षांनी तीच कुणाची तरी आई होणार असते. विल्यम्सबाईंनी आई आणि मूल हे शब्द नेहमी जोडून वापरले, त्याचे कारण हेच होते.

म्हातारपणी त्या ऑक्सफर्डला राहिल्या. १९८१ साली जिनीव्हाच्या आरोग्य परिषदेने दूध-कंपन्यांच्या जाहिरातबाजीला आवर घालणारी नियमावली संमत केली, तेव्हा त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. सिंगापूरच्या भाषणाला बेचाळीस वर्षे झाली होती. १३ जुलै १९९२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या संसदेने तान्ह्यांच्या डबाबंद दुधाविषयी कायदा केला आणि ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. त्या दुधाची जाहिरात करण्यास आता बंदी आहे, डब्यावर आईचे दूधच सर्वांत चांगले असे छापावे लागते, आणि त्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र घालता येत नाही.