विश्लेषण : शोपँच्या काळातला पियानो आज पुन्हा का वाजतोय?

फ्रेडरिक शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये वारला. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्यामुळे पियानोसाठीच जवळपास सगळे लिहिणारा हा संगीतकार स्वतः कसा वाजवत असे, हे ऐकण्याची सोय नाही. मात्र त्याच्या हाताखालचे काही पियानो उरले आहेत. गेल्या काही दशकांत तशाच जुन्या पियानोंवर किंवा त्यांच्या प्रतिकृतींवर त्याचे संगीत ध्वनिमुद्रित होऊ लागले आहे. हे केवळ जुन्या वस्तूंचे कौतुक आहे का? शोपँचे आयुष्य पाहिले तर तसे वाटत नाही.

हलक्या हाताचा वादक

शोपँचा जन्म १८१० मधला, वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या गावातला. वडील फ्रेंच, आई पोलिश. घरी वॉर्सातल्याच बुखोल्ट्झ या कारागिराचा पियानो होता. १८२९ मध्ये व्हिएन्नात त्याने जाहीर कार्यक्रम केले तेव्हा कौतुक झाले, पण वादन फारच नाजूक आहे, मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, अशी कुरबुरही झाली. या तक्रारीने पुढे त्याची पाठ सोडली नाही. त्याने मात्र जोर वाढवला नाही. वाजवण्याची जागा आणि वाद्य दोन्ही स्वतःला साजेसे निवडले.

नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने वॉर्सा सोडले. काही आठवड्यांतच तिथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढल्या वर्षी तो चिरडला गेला. शोपँ मायदेशी कधीच परतला नाही.

प्लेएल की एरार?

१८३१ मध्ये तो पॅरिसला आला. तिथे पियानो बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्या होत्या, एरार आणि प्लेएल. एरारने १८२१ मध्ये नवी यंत्रणा आणली होती. तिच्यात पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजवता येई. आवाज भरदार, मोठ्या सभागृहाला पुरणारा. लिस्टचा पियानो तो. प्लेएलची यंत्रणा जुन्या पद्धतीची आणि साधी होती. पट्ट्या हलक्या, आवाज थोडा दबलेला, रुपेरी. पण बोटाच्या दाबातला बारीकसा फरकही त्यात उमटे. प्रकृती बरी नसली की शोपँ एरारकडे वळे, कारण त्यावर तयार स्वर मिळतो. अंगात बळ असेल आणि स्वतःचा स्वर घडवायचा असेल, तेव्हा प्लेएल.

पॅरिसमधला त्याचा पहिला कार्यक्रम फेब्रुवारी १८३२ मध्ये प्लेएलच्याच दालनात झाला, तिथला शेवटचाही १६ फेब्रुवारी १८४८ रोजी प्लेएलकडेच. आयुष्यभरात त्याचे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक. उपजीविका शिकवण्यांवर आणि रचना विकण्यावर. खरे वादन चाले ते निवडक श्रोत्यांच्या घरगुती बैठकीत. मैफल आणि मैदानावरचा कार्यक्रम यांतला फरक जाणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

बेटावर अडकलेला पियानो

१८३८ च्या हिवाळ्यात लेखिका जॉर्ज सँड आणि तिच्या मुलांसह तो मायोर्का बेटावर गेला. छातीचा आजार बळावलेला, मुक्काम वाल्देमोसाच्या थंडगार मठात. पॅरिसहून निघालेला प्लेएलचा छोटा उभा पियानो कस्टमच्या कचाट्यात अडकला. तोवर स्थानिक, सुमार वाद्यावर काम चालले. पियानो हाती आला तो जानेवारी १८३९ मध्ये. त्याच महिन्यात २४ प्रिल्यूड्स पूर्ण करून त्याने पॅरिसला धाडल्या. फ्रेंच आवृत्ती अर्पण केली कामिय प्लेएलला, म्हणजे पियानो बनवणाऱ्यालाच.

ध्वनिमुद्रणात काय बदलते?

आजच्या मोठ्या पियानोत ओतीव लोखंडी चौकट असते आणि तारांचा एकूण ताण सुमारे २० टनांच्या घरात जातो. खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या ओढलेल्या असतात, त्यामुळे सगळा आवाज एकजीव होतो. शोपँच्या प्लेएलमध्ये लाकडी सांगाड्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता, तारा समांतर आणि हातोड्या लहान. खर्ज, मध्य आणि तार या तिन्हींचा पोत वेगळा ऐकू येतो. स्वरही लवकर विरतो. शोपँने काही ठिकाणी पेडल बराच वेळ दाबून ठेवायची खूण केली आहे. आजच्या पियानोवर ती तंतोतंत पाळली तर स्वर एकमेकांत गढूळ होतात, म्हणून वादक त्यात गुपचूप फेरफार करतात. जुन्या वाद्यावर त्या खुणा बऱ्याच अंशी पटतात. या प्रयोगाची ही सर्वांत ठोस कमाई म्हणावी लागेल.

काम मात्र किचकट. आवाज लहान म्हणून मायक्रोफोन जवळ आणावा, तर यंत्रणेची खटखट आणि पेडलची करकर आत शिरते. लाकूड हवेतल्या दमटपणाने हलते, सूर उतरतो. म्हणून सूर लावणारा कारागीर दिवसभर हाताशी लागतो. त्यात हातोड्यांचा वाद आहेच. मूळ नमदा दीडशे वर्षांत कडक झालेला असतो. तो ठेवला तर आवाज शोपँने ऐकलेला नव्हे आणि बदलला तर वाद्य मूळचे राहत नाही. वॉर्साच्या शोपँ इन्स्टिट्यूटने १८४८ चा प्लेएल आणि १८४९ चा एरार वापरून ध्वनिमुद्रणांची मोठी मालिकाच काढली आहे.

त्याच्या पियानोंचे काय झाले?

१८४८ च्या क्रांतीने पॅरिसमधल्या शिकवण्या बंद पडल्या आणि आजारी शोपँ ब्रिटनला गेला. लंडनच्या खोलीत त्याच्याकडे प्लेएल, एरार आणि ब्रॉडवुड असे तीन पियानो होते. परतताना त्याने प्लेएल ८० पौंडांना विकला. १३८१९ क्रमांकाचा तो पियानो आज इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, कॉब संग्रहात आहे. पॅरिसमधला अखेरचा प्लेएल वॉर्साच्या संग्रहालयात पोहोचला.

वॉर्सातल्या घरचा बुखोल्ट्झ मात्र वाचला नाही. १८६३ मध्ये रशियन गव्हर्नरवर झामोयस्की प्रासादातून हल्ला झाला. सूड म्हणून सैनिकांनी तिथले सामान खिडक्यांतून खाली फेकले. शोपँची बहीण तिथेच राहत होती आणि त्या सामानात तो पियानोही होता. दीडशेहून अधिक वर्षांनी शोपँ इन्स्टिट्यूटने बुखोल्ट्झ पियानोची प्रतिकृती करवून घेतली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, ऐतिहासिक पियानोंवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय शोपँ स्पर्धेच्या वेळी, ती वादकांसाठी सज्ज होती.