मलिकंबराचा जामा

मलिकंबराचे नाव ऐकले नाही असा दक्षिणेतला जुना मराठी माणूस विरळाच. शेतसाऱ्याच्या बोलण्यात मलिकंबरी पद्धतीचा उल्लेख येतो, औरंगाबादेच्या जमिनीखाली त्याची नहर आहे आणि भातवडीच्या लढाईत शहाजीराजांच्या नावाशेजारी त्याचे नाव आहे. पण हा पुरुष दिसे कसा, अंगावर वस्त्र कोणते घाली, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना सांगता यायचे नाही. मलाही आले नसते. आदिलाबादेतल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना हा प्रश्न अचानक दत्त म्हणून पुढे उभा राहिला.

इतिहासातले प्रवेश बसवायचे होते. संगीताची बाजू माझ्याकडे होती. मलिकंबराचे काम एका चुणचुणीत गोंड मुलाला मिळाले, आणि खरे सांगायचे तर ते त्याच्या सावळ्या रंगामुळे मिळाले. अंबर आफ्रिकेतला, तेव्हा वेष आफ्रिकेचा हवा असे ठरले. आफ्रिकेचा वेष म्हणजे कमरेला पानांचा घागरा, अंगावर वाघाचे पट्टे आणि डोक्यावर पिसे! आफ्रिकेत वाघ नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पिसांची अडचण नव्हती, कारण मुलाच्या घरी गुसाडीचा मोरपिसांचा टोप होता. पण त्याच्या आजोबांनी हात जोडून तो द्यायचे नाकारले. दिवाळीच्या दंडारीत देवाच्या नावाने जो डोक्यावर चढतो, तो सोंगासाठी कसा द्यायचा, एवढेच त्यांचे म्हणणे. मी खजील होऊन घरी आलो आणि अंबराचे चरित्र मुळापासून पाहिले. तेच येथे थोडक्यात सांगतो.

अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे आपले पूर्वज ज्याला हबसाण म्हणत त्या देशात झाला. त्याचे मूळचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्रावरचे मोखा बंदर, मग बगदाद, असा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे त्याचा प्रवास झाला. गुलामाला धनी देईल ते नाव आणि धनी देईल ते वस्त्र! बगदादच्या मीर कासिमने त्याला लिहायवाचायला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. आईबापांनी दिलेले नाव तेथेच सुटले.

१५७० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिणेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही हबशी, आणि तोही एके काळचा गुलामच. राज्यकारभार कसा चालतो हे अंबराने त्याच्या पदरी राहून पाहिले. चंगीजखान लवकरच वारला आणि त्याच्या विधवेने अंबराला दास्यातून मोकळे केले. पुढे काही वर्षे तो विजापूरकरांच्या चाकरीत होता. आमच्या आदिलाबादचे नाव ज्या आदिलशाहीवरून पडले असे परंपरा सांगते, तेच हे घराणे. १५९५ च्या सुमारास दीडशेच्या आसपास स्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. अंबराला मात्र तसे वाटले नाही. राजघराण्यातल्या मुर्तजाला त्याने परांड्यास गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभाराची सूत्रे हाती घेतली. परांड्याहून जुन्नर, जुन्नराहून दौलताबाद अशी राजधानी हलत गेली, पण राज्य टिकले. १६१० साली त्याने खडकी वसविली. हीच पुढे औरंगाबाद झाली, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नव्या शहराला पाणी हवे म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. जमिनीची प्रतवारी आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची रीत रयतेच्या इतकी अंगवळणी पडली की राज्य बुडाल्यावरही तिचे नाव उरले.

लढण्यासाठी त्याने मराठे स्वार जवळ केले. भोसले, जाधव अशी मातब्बर घराणी त्याच्या फौजेत वावरली. समोरासमोर न भिडता शत्रूची रसद तोडायची आणि त्याला डोंगरात खेळवायचे, ही गनिमी काव्याची तालीम त्या काळात आपल्या लोकांना चांगलीच मिळाली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीस मोगल आणि विजापूरकर मिळून त्याच्यावर चालून आले, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग छापा घातला. त्या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम केला आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

आता जाम्याकडे वळू. अंबराच्या हयातीत किंवा तिच्या जवळपासच्या काळात काढलेली त्याची चित्रे सुदैवाने उरली आहेत. मोगल चित्रकार हाशिम याने १६२० च्या सुमारास काढलेले लंडनच्या संग्रहालयात आहे, दुसरे अमेरिकेत बॉस्टनला. अंगात पांढरा तलम सुती जामा, कमरेला पटका, जवळ लांब तलवार, डोक्यावर दख्खनी पगडी. दाढी पिकलेली, नजर स्थिर. पाने नाहीत, पिसे नाहीत. त्याच्या दरबारातल्या मराठा सरदाराच्या अंगावर असाच जामा असे. मुसलमान सरदार बंद उजवीकडे बांधीत आणि हिंदू सरदार डावीकडे, भेद काय तो एवढाच.

एक चित्र मात्र निराळे आहे. जहांगीर बादशहाला अंबर कधीच जिंकता आला नाही. तेव्हा अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास बादशहाला पृथ्वीच्या गोलावर उभे केले आणि भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडताना दाखविले. ते आता डब्लिनला आहे. त्या चित्रात अंबराला जामा नाही, कारण धडच नाही! माणसाचे वस्त्र काढून घेतले की त्याचा नुसता रंग उरतो, आणि शत्रूला तेवढेच दाखवायचे असते. आमच्या संमेलनाच्या मंडळींच्या मनात वैर नव्हते, पण पानांचा घागरा नेसवून आम्हीही तेच करायला निघालो होतो.

यावर कोणी म्हणेल की जामा हा उसना वेष, अंबराचा अस्सल वेष हबसाणचाच. पण त्या देशाच्या डोंगराळ मुलखातही लोक हातमागाचे पांढरे सुती शम्मा नावाचे वस्त्र पांघरतात. आज ज्या भडक रंगी छापील कापडाला जग आफ्रिकेचे म्हणून ओळखते, ते तर जावा बेटाच्या बाटिकची नक्कल करणाऱ्या हॉलंडच्या कारखान्यांतून पुढे आले. त्यांतला एक नामांकित कारखाना १८४६ सालचा आहे. तरीही पश्चिम आफ्रिकेच्या बायकांनी ते कापड इतके आपले केले की आज त्याला परके म्हणणे धाडसाचे ठरेल. कापड कोठून आले आणि ते कोणाचे झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्या घरात पाहिले तरी हेच दिसते. माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या काळात हैदराबादच्या दरबारी गात. दरबारात जाताना डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस, घरी धोतर, पूजेला सोवळे. यांतला खोटा वेष कोणता? हैदराबादेतल्या ए. सी. गार्ड्स मोहल्ल्याचे नाव निजामाच्या हबशी स्वारांवरून पडले. त्या स्वारांचे वंशज बोलतात उर्दू आणि ल्यायचे तेही इतरांसारखेच, पण लग्नाच्या वरातीत त्यांचा मर्फा वाजू लागला की समुद्रापलीकडचा ताल कानाला कळतो. खूण उरायची ती कधी कापडात उरते, कधी तालात.

अंबरानेही आपले मूळ लपविले नाही. त्याची पत्नी करीमा हबशी होती आणि त्याच्या फौजेत मराठ्यांच्या बरोबरीने हबशी स्वार होते. मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तो वारला. जहांगीर ज्याला हयातीत शिव्या देई, त्याच्या शहाणपणाची आणि बंदोबस्ताची वाखाणणी पुढे मोगल बखरकार मोतमिदखान यालाच करावी लागली. दहा वर्षांत निजामशाही बुडाली. अंबराची कबर खुलताबादेस आहे. हबसाणात जन्मलेला, बगदादेत शिकलेला हा माणूस शेवटी दक्षिणेच्या मातीत दक्षिणेचा होऊन निजला आहे.

संमेलनाचे सांगायचे राहिले. मी त्या आजोबांकडे पुन्हा गेलो आणि अंबराच्या चित्राची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग आत जाऊन आपले एक धुवट पांढरे धोतर आणून दिले. त्याचाच जामा शिवला. पगडी त्यांनी नातवाला स्वतःच्या हाताने बांधली, आणि मोरपिसांचा टोप जागच्या जागी, दिवाळीची वाट पाहत राहिला.