कोसंबी आणि झाकलेली नावे

डेक्कन क्वीनला घाट चढवायला आपल्या कर्जत स्टेशनात मागून इंजिनं लावतात. दामोदर धर्मानंद कोसंबी याच गाडीने पुणे-मुंबई जा-ये करत. इतिहासकार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, मला मात्र त्यांच्यातला गणिती जास्त ओढतो.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात कोसबेन येथे. वडील धर्मानंद पाली भाषेचे पंडित. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली, मग बनारस, अलिगढ, पुण्याचे फर्ग्युसन आणि शेवटी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. १९४४ मध्ये त्यांनी दिलेले जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र आजही वापरात आहे.

आता मुद्द्याचं. पेपर छापण्याआधी संपादक तो त्या विषयाच्या जाणकाराकडे, म्हणजे रेफरीकडे पाठवतो. सहसा रेफरीचे नाव लेखकाला कळत नाही आणि रेफरीनेही पेपर कुणाला दाखवायचा नसतो. कारण सोपं आहे. लेखक कितीही मोठा असो, चुकीला चूक म्हणता आलं पाहिजे.

कोसंबींनी ही तपासणी दोनदा चुकवली. अलिगढला असताना आंद्रे वेल यांच्या सांगण्यावरून, एका सहकाऱ्याची जिरवायला, त्यांनी बूर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देऊन पेपर लिहिला. १९३१ च्या सुमारास अलाहाबादच्या जर्नलने तो छापलाही! ती गंमत होती. १९५९ ची गोष्ट मात्र महागात पडली. मूळ संख्यांविषयीचे रीमानचे प्रसिद्ध गृहीतक सोडवल्याचा दावा त्यांनी चक्क शेती-संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये केला. त्या विषयाचे खरे जाणकार तिथे कुठून असणार? सिद्धता टिकली नाही आणि जगभर पत गेली. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरीही सुटली. त्यानंतर मूळ संख्यांवरचे काही पेपर त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

एवढा बुद्धिमान माणूस! छापण्याआधी एखाद्या अनोळखी जाणकाराने बंद पाकिटात चूक दाखवली असती, तर ती चारचौघांत गाजली नसती. मला वाटतं, गुप्तता लेखकालाही असं वाचवते. तेव्हा उद्या ज्युनियरचा रिपोर्ट तुमच्याकडे तपासायला आला, तर चुका त्यालाच सांगा. मेसच्या टेबलावर त्याची चर्चा नको.