लक्ष्मीबाईंचे घर

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावच्या गोखल्यांच्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका; परंतु घरातील सारी माणसे तिला मनू म्हणत. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्रात विख्यात झाली.

मनूचे वडील मोठे कर्मठ होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आप्तांवर घोर संकट कोसळले होते. त्या धक्क्याने त्यांच्या मनाने सोवळ्या-ओवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की त्यापुढे त्यांना दुसरे काही दिसेना. बाजारातून आणलेला जिन्नस पाण्याने शुद्ध केल्यावाचून घरात येत नसे. कोणी कोणाला शिवले, कोणाची सावली कोठे पडली, यावर दिवसभर बारीक नजर असे. घरातील मुलांची तर फारच ओढाताण होई. लहान मूल खेळताना सहज कोणाला तरी शिवतेच. पण त्या घरात असा स्पर्श हा अपराध ठरे. अशा धाकात मनूचे बालपण गेले. जगात आपली माणसे थोडी आणि परकी फार, हा तिला मिळालेला पहिला धडा होता.

१८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. टिळक हे कोकणातील करजगावचे. ते बुद्धिमान होते, संस्कृतात पारंगत होते आणि जातीचे कवी होते. फुले आणि मुले यांवर त्यांचे विलक्षण प्रेम होते. पण त्यांचा स्वभाव वाऱ्यासारखा होता. आज या गावी, तर उद्या त्या गावी. आज ही नोकरी, तर उद्या ती. राग येई तो वादळासारखा आणि जाई तोही तसाच. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. वाटेत कोणी गरजू भेटला, की खिसा रिकामा झालाच म्हणून समजावे. संसाराचा सारा भार लक्ष्मीबाईंवर पडे. त्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. टिळकांनीच त्यांना समोर बसवून अक्षरे शिकवली. या शिकवणीत हसू जितके असे, तितकेच रुसवेफुगवेही असत. तरी त्या वाचू लागल्या, आणि पुढे तर स्वतः कविता करू लागल्या.

या दांपत्याची काही अपत्ये बालपणीच दगावली. १८९१ साली झालेला देवदत्त हा मात्र जगला. त्याला सारे दत्तू म्हणत. आईचा सारा जीव त्या एका लेकरात गुंतलेला होता.

या सुमारास टिळक राजनांदगावी होते. एकदा आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलता बोलता धर्माच्या गोष्टी निघाल्या. त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलाचे पुस्तक वाचावयास दिले. टिळक ते वाचू लागले, त्यावर विचार करू लागले, आणि येशू ख्रिस्ताच्या चरित्राने त्यांचे मन भारून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. त्या काळी धर्म सोडणाऱ्या माणसाशी त्याचे कुटुंब, नातलग आणि जात सर्व संबंध तोडून टाकीत. पती जिवंत असून दुरावला होता आणि पदरी चार वर्षांचा मुलगा होता. पुढील सुमारे पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ नाशिककडे, काही काळ पंढरपुरास. टिळकांची पत्रे येत आणि लक्ष्मीबाईही उत्तरे पाठवीत. एकमेकांवरील माया दोघांच्याही मनातून गेली नव्हती. पण मध्ये रूढींची भिंत उभी होती आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना दत्तूचे आईबाप होते.

अखेर लक्ष्मीबाईंनी मनाचा निश्चय केला. लोकनिंदेची पर्वा न करता त्या दत्तूला घेऊन टिळकांपाशी अहमदनगर येथे गेल्या. या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. त्या गेल्या खऱ्या. परंतु आपला धर्म आणि आपले सोवळे सोडावयाचे नाही, असे ठरवूनच गेल्या. त्यांचे बिऱ्हाड निराळे, चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनीही त्यांच्यावर धर्माच्या बाबतीत सक्ती केली नाही. आपण जसे आपल्या विचाराने चाललो, तसेच पत्नीनेही तिच्या विचाराने चालावे, असे ते मानीत.

पण विचार कोणाच्या चुलीपाशी थांबत नाही. आजूबाजूला सर्व जातींतून आलेली माणसे एकत्र नांदत होती, एकमेकांच्या उपयोगी पडत होती. लक्ष्मीबाई हे रोज पाहत होत्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला. देवाने सर्व माणसे सारखीच घडवली आहेत, उच्चनीचतेच्या भिंती माणसांनी उभारल्या आहेत, अशी त्यांची खात्री पटली. एकदा खात्री पटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानावा असे बालपणी शिकवले गेले होते, त्यांच्या हातचे अन्नपाणी त्या आनंदाने घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे दुभंगलेले घर पुन्हा एक झाले.

त्या वर्षी महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला होता. विहिरी आटल्या, शेते करपली, माणसे गावे सोडून अन्नासाठी वणवण फिरू लागली. कित्येक मुलांचे आईबाप वाटेतच मरण पावले. अशा अनाथ मुलांना अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने आश्रय दिला. टिळकांच्या घराचे दारही अशा मुलांसाठी उघडले गेले. कोणी एक आले, त्यामागून दुसरे आले. कोणी शिकण्यासाठी आले, कोणी केवळ पोटासाठी आले. पाहता पाहता घर मुलांनी भरून गेले. ही मुले नाना जातींची आणि नाना स्वभावांची होती. बाहेरच्या माणसाला, यांतील टिळकांचा दत्तू कोणता आणि बाहेरून आलेला कोणता, हे ओळखता येऊ नये, अशी ही सरमिसळ होती.

एवढ्या मुलांचा संसार चालवणे ही सोपी गोष्ट नव्हती. टिळकांचे वेतन बेताचे आणि त्यातूनही दानधर्म चाललेला. कवींना माणसांची भारी हौस. ते वाटेत भेटलेल्या पाहुण्याला जेवावयास घेऊन येत आणि घरात पीठ किती आहे, याचा त्यांना पत्ताही नसे. मग लक्ष्मीबाई पुन्हा चूल पेटवीत. कधी त्यांना राग येई. मग पतिपत्नींत चांगलीच खडाजंगी उडे. पण थोड्याच वेळात त्या रागाचे हसे होई. आपल्या फजितीला आपणच मनमुराद हसावे, हा लक्ष्मीबाईंचा स्वभाव होता. दारिद्र्य त्या घरात पुष्कळ वेळा आले. परंतु या हास्यापुढे त्याचे काही चालले नाही.

उपासना हा त्या घरातील नित्यक्रम होता. टिळकांना परक्या चालींवर बसवलेली ख्रिस्ती गीते रुचत नसत. ज्या भूमीत ज्ञानेश्वर-तुकाराम झाले, तेथील माणसांनी आपल्याच भाषेत, आपल्याच अभंगांच्या चालीवर देवाला आळवावे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी शेकडो अभंग आणि भजने रचली. ती पुढे महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांतून गाइली जाऊ लागली. लक्ष्मीबाईंनी तर कीर्तनेही केली. धर्म बदलला, पण त्या घराची मराठी भाषा, मराठी वळण आणि संतवाणीचा जिव्हाळा तसाच राहिला. मुले हे सारे ऐकत वाढली. प्रार्थना म्हणजे केवळ शब्द नव्हेत. दाराशी आलेल्या भुकेल्याला आपल्या ताटातील घास देणे हीही प्रार्थनाच, हे त्यांना कोणी निराळे शिकवावे लागले नाही. ते त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होते.

त्या काळात प्लेगची साथ पुनःपुन्हा येई. ती आली की माणसे घरे सोडून रानात पळत. सख्खे नातलगही रोग्याजवळ जाण्यास धजत नसत. अशा वेळी लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस पुढे झाल्या. ज्या घरात कोणाची सावलीही चालत नसे, त्या घरातील ही मुलगी आता रोग्याच्या उशाशी निर्भयपणे बसत होती.

या घराने मराठी कवितेलाही एक लेकरू सांभाळून दिले. खानदेशातील धरणगावी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी काही काळ टिळकांच्या सहवासात अहमदनगरास राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला बालकवी ही पदवी मिळाली होती. तो फार हळवा होता. क्षणात हसे, क्षणात रुसे. टिळकांनी त्याच्या कवितेवर लोभ केला आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९१८ साली खानदेशात भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अकाली अंत झाला. त्या वार्तेने लक्ष्मीबाईंना आपलेच मूल गेल्यासारखे दुःख झाले.

दुःखाची मालिका तेथेच थांबली नाही. टिळकांनी १९१७ साली संन्यस्त वृत्ती धारण केली होती. पुढे त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. आता घर मोडले, असे कोणालाही वाटले असते. पण लक्ष्मीबाईंचे घर कधीच चार भिंतींचे नव्हते. त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. काही काळ त्या दत्तूच्या संसाराबरोबर कराचीस राहिल्या. जेथे जात तेथे निराधार माणूस त्यांना शोधीत येई आणि त्या त्याला आपल्या छायेखाली घेत. पुढे त्या नाशिकास परतल्या.

टिळकांनी येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता. ख्रिस्तायन या नावाचे ते काव्य अपुरे राहिले होते. कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचून पुष्कळ पुढे नेले. याच वेळी देवदत्ताच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावे असे आले. त्याने आईला तिच्या आठवणी लिहून देण्यास सांगितले. आई लिहू लागली. ती जशी बोले, तशीच लिही. साधे, सरळ, खरे. स्वतःच्या चुका तिने झाकल्या नाहीत आणि कोणावर आगपाखड केली नाही. या आठवणींचे पुस्तक म्हणजेच स्मृतिचित्रे. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि सारा महाराष्ट्र ते वाचून थक्क झाला. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत आजही त्याची गणना होते.

स्मृतिचित्रांचा शेवटचा भाग छापून झालेला पाहणे लक्ष्मीबाईंच्या नशिबी नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

मोठमोठे वाडे बांधणारी माणसे जगात पुष्कळ होऊन गेली. काळाच्या ओघात त्यांचे वाडे पडले. लक्ष्मीबाईंनी एकही वाडा बांधला नाही. भाड्याच्या आणि मिशनच्या लहान लहान घरांतून त्यांचा संसार चालला. बालपणी त्यांना परकी माणसे अगणित आणि आपली माणसे मोजकी, असे शिकवले गेले होते. त्यांनी आयुष्यभर हा हिशोब एकेका माणसाने पालटत नेला. एका अनाथ मुलाला घास भरवला, तेव्हा एक परका कमी झाला. एका रोग्याचा हात हाती घेतला, तेव्हा आणखी एक कमी झाला. अखेरीस त्यांच्या लेखी जगात कोणी परका उरलाच नाही. त्यांच्या घराचे मोठेपण यातच होते.