केसांचा डाय फसला की दुसरा डाय का लावायचा नाही? उत्तर मिळतं रंगांमागे आयुष्य घालवलेल्या या माणसाकडून

लग्न परवावर आलंय. पार्लरचे पैसे वाचवायचे म्हणून दुकानातून डायचं पाकीट आणलं, आरशासमोर उभं राहून लावलं आणि धुतल्यावर बघतो तर काय, पाकिटावरचा ब्राऊन डोक्यावर काळाकुट्ट झालेला. किंवा मुळाशी नारिंगी आणि टोकाला काळा. मग शंभरातले नव्वद जण तीच चूक करतात. पळत जाऊन दुसरं पाकीट आणतात आणि पहिल्या रंगावर दुसरा थापतात.

ही चूक का आहे, हे कळायला एका शास्त्रज्ञाची गोष्ट माहीत असायला हवी. नाव, कृष्णस्वामी वेंकटरामन. त्यांनी डायचं पाकीट विकलं नाही की पार्लर काढलं नाही. पण रंग धाग्याला धरून कसा बसतो आणि तो कसा सुटतो, हे भारतात शिकवणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या माणसांत त्यांचं नाव येतं.

वेंकटरामन यांचा जन्म 1901 चा, मद्रासचा. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून त्यांनी रसायनशास्त्र केलं आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडमधलं मँचेस्टर गाठलं. मँचेस्टर म्हणजे तेव्हाचं कापडाचं शहर. तिथे त्यांनी रंगांचं रसायनशास्त्र शिकलं. गुरू मिळाले रॉबर्ट रॉबिन्सन, ज्यांना पुढे 1947 मध्ये नोबेल मिळालं.

भारतात परतल्यावर आधी बंगळुरू, मग लाहोरचं फोरमन ख्रिश्चन कॉलेज. लाहोरमध्ये त्यांनी वनस्पतींमधल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर काम केलं. त्यातून जी रासायनिक अभिक्रिया समोर आली, ती आजही बेकर-वेंकटरामन या नावाने जगभर शिकवली जाते. विल्सन बेकर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिच्यावर त्याच सुमारास वेगळं काम केलं होतं, म्हणून नावं दोन.

मुंबईत आले आणि गिरण्यांचा प्रश्न समोर आला

मुंबई विद्यापीठाने 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. जुनी मंडळी त्याला यूडीसीटी म्हणतात, आजची आयसीटी. 1934 मध्ये वेंकटरामन तिथे आले आणि 1938 मध्ये विभागप्रमुख झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय.

तेव्हा मुंबईत गिरण्या जोरात होत्या, पण कापडाचे कृत्रिम रंग यायचे परदेशातून, त्यातही जर्मनीचा दबदबा. आपल्याकडे रंगाऱ्यांची परंपरा मोठी. संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावाच्या तर नावातच रंगारी आहे. हाताला कला होती, पण नव्या रंगांचं रसायन परदेशी कंपन्यांच्या पेटंटमध्ये आणि कारखान्यांत बंद होतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांची माहिती अहवालांतून बाहेर काढली. वेंकटरामन यांनी ती माहिती, पेटंट आणि संशोधन असं सगळं चाळून 1952 मध्ये कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ आणला. पुढे त्यांच्या संपादनाखाली मालिका वाढत गेली आणि 1978 पर्यंत आठ खंड झाले. जे ज्ञान कंपन्यांच्या कुलपात होतं, ते आता विद्यार्थ्याला ग्रंथालयात मिळू लागलं.

याच मालिकेच्या 1971 च्या पाचव्या खंडात एक प्रकरण आहे केसांच्या डायवर. ते लिहिलंय जॉन कॉर्बेट यांनी. केसांचा डाय म्हणजे नट्टापट्टा, असं न मानता वेंकटरामन यांनी त्याला कापडाच्या रंगांच्या शेजारी बसवलं. ते बरोबरच होतं. केस हा लोकरीसारखाच केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे.

मग घरचा डाय फसतो कुठे?

आपण समजतो की डाय म्हणजे भिंतीला मारलेला ऑइलपेंट. तसं नसतं. पर्मनंट डायमध्ये सुरुवातीला रंग नसतोच. अमोनियाने केस फुगतो, पीपीडीसारखे छोटे रेणू आत शिरतात आणि डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आतच एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात. मोठे झाल्यावर त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. म्हणून तो पर्मनंट.

आता वरून फिकट रंगाचं पाकीट लावलं तर त्यातलं पेरॉक्साइड मुख्यतः केसांचा नैसर्गिक रंग उडवतं, आधीचा डाय बराचसा तसाच राहतो. म्हणून मुळं उजळ आणि टोकं काळी दिसतात.

त्यामुळे पहिलं काम, केसांत आधी काय आहे ते आठवणं. साधी मेहंदी असेल तर तिचा रंग थेट केराटिनला चिकटतो. पण काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या काही पाकिटांत पीपीडी असतं, काहींत धातूंचे क्षार. क्षार असलेल्या केसांवर ब्लीच लावलं तर केस गरम होऊन तुटूही शकतात.

रंग फार गडद झाला असेल तर पहिल्या काही दिवसांत जास्त साफ करणाऱ्या शॅम्पूने धुवा, थोडा उतरतो. कलर रिमूव्हर रंगाचे मोठे रेणू पुन्हा छोटे करतो, पण फक्त पर्मनंट डायमध्ये. नीट धुतलं नाही तर ते परत जोडले जातात आणि केस पुन्हा काळे. निळीच्या हौदात हेच घडायचं. हौदात निळीचा रंग बदलून ती विरघळायची आणि कापड हवेत आलं की पुन्हा निळं.

नारिंगी छटेवर निळसर टोनर, पिवळीवर जांभळा. पिवळ्या केसांवर राखाडी छटा लावून हिरवट झालं असेल तर थोडी लाल छटा लागते. काहीही लावण्याआधी एका बटेवर करून बघा. कानामागे 48 तास आधी चाचणी घ्या. खाज, आग, सूज आली तर लगेच धुवा आणि डॉक्टर गाठा. पीपीडीची ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, तेव्हा पुन्हा तोच डाय लावायचा नाही.

शेवटपर्यंत रंगच

1957 मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे संचालक झाले. इथेही पहिले भारतीय. 1961 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1966 मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर खुर्चीवर बसले त्यांचेच विद्यार्थी बाळ दत्तात्रय टिळक.

निवृत्तीनंतरही वेंकटरामन प्रयोगशाळेतच राहिले. लाखेचा लाल रंग आणि फणसाच्या लाकडातली पिवळी रंगद्रव्यं यांवरचं त्यांचं काम याच प्रयोगशाळेतलं. 1981 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज डायच्या पाकिटामागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते आणि आपण ती न वाचता पाकीट फेकून देतो. वेंकटरामन यांनी आयुष्यभर तीच यादी लोकांना वाचता यावी यासाठी खटपट केली. पुढच्या वेळी रंग फसला तर दुसरं पाकीट आणायच्या आधी पहिल्याची मागची बाजू बघा. त्यात पीपीडी आहे की नाही, एवढं कळलं तरी पुढचं अर्धं काम सोपं होतं.