घुर्ये: इंग्लंडात समाजशास्त्र शिकून आलेल्या मालवणच्या माणसाचा नवापूरशी काय संबंध?

नवापूर म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते रेल्वे स्टेशन. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातमध्ये. राज्याची सीमा स्टेशनातूनच जाते, त्यामुळे फोटो काढायला लोक हमखास थांबतात.

पण या सीमेच्या कितीतरी आधी नवापूरभोवती आणखी एक रेघ ओढली गेली होती. १९३६ मध्ये ब्रिटिश सरकारने देशातले काही आदिवासी भाग कागदावर वेगळे काढले. मुंबई प्रांताच्या यादीत तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातले नवापूर पेठा आणि अक्राणी महाल होते. सरकारी भाषेत हे 'अंशतः वगळलेलं क्षेत्र'. म्हणजे काय, तर मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने सांगितल्याशिवाय इथे लागू होणार नाही.

आदिवासींना असं वेगळं ठेवावं का, यावर पुढे मोठा वाद झाला. ठेवू नये म्हणणाऱ्या अभ्यासकांमध्ये सगळ्यात मोठं नाव होतं गोविंद सदाशिव घुर्ये. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं 'भारतीय समाजशास्त्राचे जनक' एवढ्या एका ओळीत त्यांना पाठ करतात. त्या ओळीमागचा माणूस मात्र जरा गुंतागुंतीचा आहे.

संस्कृतचा विद्यार्थी समाजशास्त्रात कसा आला?

घुर्यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ चा, मालवणच्या सारस्वत कुटुंबातला. शाळा मालवण, मुंबई आणि जुनागढ अशी फिरत फिरत झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१८ मध्ये संस्कृत घेऊन त्यांनी एम.ए. केलं. पुढे संस्कृतचे प्राध्यापक व्हायचं, हा मार्ग जवळपास ठरलेलाच होता.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. प्रमुख होते पॅट्रिक गेडिस. हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पण त्यांचा खरा जीव शहरांच्या अभ्यासात. घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना जाऊ लागले. मुंबई शहरावर त्यांनी लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर १९२० मध्ये घुर्ये इंग्लंडला गेले.

तेव्हा इंग्लंडात समाजशास्त्र होतं कसं?

विषय अगदी नवा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९०७ साली एल. टी. हॉबहाउस समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. समाजाच्या संस्था कशा विकसित होत गेल्या, हा त्यांचा विषय. त्याआधी चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गल्ल्या पालथ्या घालून गरिबीची पाहणी केली होती, रॉनट्री यांनी यॉर्क शहरात. वर्ग, शिक्षण, कुटुंब, वंशभेद हे विषय ब्रिटिश समाजशास्त्रात खऱ्या अर्थाने रुजले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

यात एक गंमत होती. इंग्लंडमधल्या माणसांचा अभ्यास केला तर ते समाजशास्त्र. वसाहतीतल्या माणसांचा केला तर ते मानववंशशास्त्र. दोन्हीकडे माणूसच, पण खाती वेगळी.

घुर्ये आधी हॉबहाउस यांच्याकडे गेले. तिथे मन रमलं नाही, म्हणून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा जमातीवर पुस्तक लिहिणारे आणि वंशावळ्यांवरून नातेसंबंध समजून घेण्याची पद्धत घडवणारे अभ्यासक. जून १९२२ मध्ये ते अचानक गेले. घुर्यांनी पीएच.डी. पूर्ण केली ती ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली, १९२३ मध्ये.

नाकाच्या मापावरून जात?

विषय होता जात. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांचा दावा होता की जात ही मुळात वंशाची बाब आहे, आणि नाक जितकं रुंद तितकी जातीची पायरी खालची. घुर्यांनी मापांचे तेच आकडे पुन्हा तपासले. हिशेब जुळला तो फक्त उत्तर भारतातल्या एका पट्ट्यात. महाराष्ट्रासह बाकी ठिकाणी तो कोलमडला. हे सगळं १९३२ मध्ये त्यांच्या जात आणि वंशावरच्या इंग्रजी पुस्तकात आलं. उच्चनीचता, रोटीव्यवहार, बेटीव्यवहार, धंद्याचं बंधन अशी जातीची सहा लक्षणं त्यांनी त्यात मांडली. ती आजही अभ्यासक्रमात आहेत.

म्हणजे इंग्रजांची पद्धत आणि इंग्रजांचेच आकडे वापरून घुर्यांनी इंग्रज अधिकाऱ्याचा सिद्धांत मोडला.

एक माणूस, पस्तीस वर्षं

गेडिस गेल्यावर १९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. इंग्लंडातली दोन खाती त्यांनी इथे एक केली. जात, आदिवासी, शहर, साधू, पेहराव, सगळं एकाच विभागात. पुण्याजवळच्या लोणीकंदचा अभ्यास थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या सुमारास केला होता. घुर्यांनी सव्वाशे वर्षांनंतरचं तेच गाव पुन्हा अभ्यासलं.

इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. तिघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या, देसाई तर पक्के मार्क्सवादी. १९५१ मध्ये घुर्यांच्या पुढाकाराने भारतीय समाजशास्त्र परिषद उभी राहिली. ब्रिटनमधल्या समाजशास्त्रज्ञांची संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली.

एल्विन विरुद्ध घुर्ये

आता मूळ वादाकडे येऊ. व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्डला शिकलेले, मिशनरी म्हणून पुण्यात आलेले आणि पुढे मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये राहिलेले अभ्यासक. बैगा जमातीवरच्या १९३९ च्या पुस्तकात त्यांनी सुचवलं की बाहेरच्यांचा शिरकाव रोखून या लोकांसाठी राखीव प्रदेश ठेवावा. सावकार, ठेकेदार आणि जंगल खातं आदिवासींना कसं संपवतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

घुर्यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहूनच उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं होतं की हे लोक वेगळे नाहीत, ते मागासलेले हिंदू आहेत. त्यांची जमीन गेली, कर्ज वाढलं, त्याचं कारण शेजारचा समाज नसून इंग्रजांचे महसूल, जंगल आणि कोर्टाचे कायदे आहेत. म्हणून कुंपण नको, त्यांना बाकी समाजात सामावून घ्या.

कायद्यांबद्दलचं त्यांचं निदान वजनदार होतं. अडचण दुसरीकडे होती. हे पुस्तक मुख्यतः जनगणनेचे अहवाल आणि अधिकाऱ्यांच्या नोंदी वाचून उभं राहिलं होतं. देव, लग्नाच्या रीती, भाषा, जमिनीशी असलेलं नातं याला आदिवासी स्वतः काय म्हणतात, हा प्रश्न त्यात मागे पडला. रिस्लीची उतरंड मोडणाऱ्या अभ्यासकाने भिल्ल आणि मावची यांच्यासारख्या समाजांना दुसऱ्याच एका उतरंडीच्या तळाशी बसवलं. एल्विन जवळ राहिले, पण निर्णय तेही आदिवासींच्या वतीनेच घेत होते.

आदिवासींचा स्वतःचा आवाज राष्ट्रीय पातळीवर ठळकपणे ऐकू आला तो जयपालसिंग मुंडा यांच्यामुळे. घटना समितीत त्यांनी 'आदिवासी' या शब्दाचाच आग्रह धरला.

मग नवापूरचं काय झालं?

संविधानाने ना एल्विन पूर्ण मानले, ना घुर्ये. मतदान आणि प्रतिनिधित्व सगळ्यांसारखं, सोबत आरक्षण, आणि पाचव्या अनुसूचीखाली विशेष संरक्षण. १९५० च्या आदेशात नवापूर पुन्हा यादीत आलं, १९८५ च्या आदेशात आख्खा तालुका अनुसूचित क्षेत्र म्हणून नोंदला गेला. घुर्यांनीही आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीला 'अनुसूचित जमाती' हेच नाव दिलं. २८ डिसेंबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

१९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागांत ग्रामसभेला अधिकार दिले. त्यामुळे १९३६ ची ती रेघ आज नवापुरात वेगळ्या अर्थाने जिवंत आहे. तेव्हा ती गव्हर्नरचा अधिकार दाखवत होती. आता तिच्या आत, निदान कायद्यानुसार तरी, गावाला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घुर्ये आणि एल्विन यांच्या वादात राहून गेलेली गोष्ट नेमकी हीच होती.